दोन विहिणी, चार देश आणि साल्झबर्गचा फलाट

जांब्याच्या घरी जेवणाच्या टेबलावर मी युरोपचा नकाशा पसरला, आणि सासूबाईंनी त्यावर आमटीचं पातेलं आणून ठेवलं. नेमकं ऑस्ट्रियावर.

"आधी जेवून घे. देश काय पळून जात न्हाईत," त्या म्हणाल्या.

सासूबाईंना मी आत्या म्हणते, आमच्याकडं तीच पद्धत आहे. वय अडुसष्ट, साखरेचा त्रास, आवाज खणखणीत. आमच्या जमिनीत आता भात होत नाही, खोल्या उभ्या आहेत. हिंजवडीच्या कंपन्यांत कामाला येणारी देशभरातली मुलं त्यात भाड्यानं राहतात आणि त्या सगळ्यांवर आत्यांचा वचक आहे. मराठी, हिंदी आणि थोडं इंग्रजी मिसळून त्या कुणालाही गप्प करतात. अशाच एका भाडेकरू जोडप्यानं त्यांना फोनवर स्वित्झर्लंडमधल्या रेल्वेचे व्हिडिओ दाखवले होते. तेव्हापासून त्यांच्या मनात होतं, जायचं तर आगगाडीनंच. बसमध्ये कोंबून पहाटे उठवणारी टूर नको.

त्यात माझ्या आईला मी घुसवलं.

आई सत्तरीची, माझ्या माहेरच्या गावी, माल्याला एकटी राहते. मला भाऊ-बहीण नाही, वडील जाऊन बरीच वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात ती गोठ्यात घसरून पडली, मनगट मोडलं, आणि शेजारची कमल दूध न्यायला येईपर्यंत तशीच शेणात पडून राहिली. त्यानंतर मी तिला जांब्याला आणायचा हट्ट धरला. ती म्हणाली, "लेकीच्या घरी ऱ्हायला येऊ? लोक काय म्हन्तील?" पण लोकांपेक्षा तिला आत्यांची धास्ती होती. आणि आत्यांना विचारलं तर त्या म्हणाल्या, "बघू." लग्नाला वीस वर्षं झाल्यावर मला त्यांच्या 'बघू'चा अर्थ नीट कळतो.

तेव्हा ही सहल म्हणजे माझ्यापुरती एक परीक्षा होती. दोघी एका खोलीत, एका डब्यात पंधरा दिवस राहू शकल्या तर एका घरातही राहतील, असा माझा साधा हिशेब. नवरा, प्रमोद, लेकीच्या बारावीसाठी मागं राहणार होता. तो म्हणाला, "सविता, तू आगीशी खेळतेयस." मी हसण्यावारी नेलं.

ज्यांना घरच्या ज्येष्ठांना घेऊन असा प्रवास करायचाय, त्यांच्यासाठी आधी तयारीचं सांगते. मार्ग ठरवताना मी एकच नियम ठेवला: एका दिवशी एकच गाडी, शक्यतो मध्ये बदल नाही. बुडापेस्ट, व्हिएन्ना, इन्सब्रुक, ल्युसर्न, मिलान. हंगेरी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, इटली. फक्त ल्युसर्नच्या वाटेवर झुरिकला गाडी बदलायची होती. रात्रीच्या गाड्या टाळल्या, वरच्या बर्थवर दोघींपैकी कोण चढणार? हॉटेलं स्टेशनपासून चालत जाता येतील अशीच घेतली. थोडी महाग पडतात, पण टॅक्सीची शोधाशोध वाचते. लिफ्ट आहे का हे प्रत्येक हॉटेलला मेल करून विचारलं. अनेक देशांत चालणारा रेल्वे पास मिळतो आणि ज्येष्ठांना त्यात सवलतही असते, पण आमच्या मोजक्या प्रवासांना महिनोन् महिने आधी काढलेली सुटी तिकिटं स्वस्त पडली. ज्या देशात जास्त रात्री मुक्काम, त्याच देशाकडं व्हिसाचा अर्ज करायचा. आमचा ऑस्ट्रियाकडं होता. बॅग प्रत्येकीला एकच, चार चाकांची आणि जिची तिला उचलता येईल एवढीच. आईनं तिच्यात ज्वारीचं पीठ भरलं होतं. मी काढलं. तिनं परत भरलं.

निघायच्या दिवशी मी तिला आणायला माण-घोटवड्याच्या रस्त्यानं पौडवरून माल्याला गेले. ती नऊवारी नेसून, पायात नवे पांढरे बूट घालून ओट्यावर बसली होती. पौड मागं पडल्यावर म्हणाली, "इनबाई रागावल्या तर मी कुटं जाऊ गं तितं?"

विहिणीला ती इनबाई म्हणते. मी म्हटलं, "कशाला रागावतील?"

"तुज्या हे ध्येनात येत न्हाई," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

बुडापेस्टचे तीन दिवस बरे गेले, म्हणजे भांडण झालं नाही. दोघी माझ्यामार्फत बोलत. "तुझ्या आईला विचार, दिवा मालवू का." "आत्याला म्हनावं, मालवा की." तीन माणसं एका खोलीत आणि मी मध्ये टपाल वाटत बसलेली. नदीवरच्या पिवळ्या ट्रामनं आम्ही पुन्हा पुन्हा फिरलो. पासष्टच्या पुढच्यांना तिकिटाचे नियम वेगळे असतात म्हणून मी चौकशी करायला गेले, तर तोवर आत्या जागा पकडून बसल्याही होत्या. जेवणाचं म्हणाल तर शाकाहारींनी घाबरायचं कारण नाही: बटाटा, चीज, ब्रेड, सूप सगळीकडं मिळतं. आईला मात्र त्या सुपात काहीतरी शिजलंय असा संशय कायम यायचा. मग हॉटेलच्या किटलीतल्या गरम पाण्यात ती ज्वारीचं पीठ कालवून खायची.

व्हिएन्नाची गाडी छान होती. मोठ्या काचा, मध्ये टेबल, चहा मागवता येतो. पण टेबलाच्या एका बाजूला आई, समोर आत्या, आणि दोघीही बाहेरच बघत. बाहेर सूर्यफुलांची वाळून काळी पडलेली शेतं मागं जात होती. आई म्हणाली, "काढनी झाली न्हाई अजून."

व्हिएन्नात मात्र ठिणगी पडली. एका मोठ्या बागेत आम्ही बाकावर बसलो होतो, थंडीआधी गुलाबांना पोत्यांचं कापड बांधायचं काम चाललं होतं. मी आईसक्रीम घेऊन आले तर दोघी आमनेसामने उभ्या. आत्यांच्या हातात त्यांची पर्स, जणू उठून घरीच निघाल्यात.

"मला सगळं समजतंय," आत्या मला म्हणाल्या. "ही सहल-बिहल न्हाई. मला सवय लावायची चाललीय. सरळ विचारायचं होतंस, घरी. परदेशात आणून कोंडीत पकडतीस?"

"आत्या, तसं नाही..."

"मग कसं? तुझी आई मला आत्ता विचारतीय, खोली कुठली देनार म्हनून."

आईचा चेहरा उतरला. "मी तसं इचारलं न्हाई. मी म्हन्ले, मला खोली-बिली नको. मी काय कुनाच्या दारात पडायला येत न्हाई. हाय माजं घर."

"मग लेकीला सांगा की तसं!"

"सांगितलं की. आयकतीय कुटं ती?"

दोघी एकदम माझ्याकडं बघायला लागल्या. आईसक्रीम माझ्या बोटांवरून वितळत होतं. त्या संध्याकाळी आत्या जेवल्या नाहीत, नुसत्या गोळ्या घेऊन झोपल्या. साखरेच्या माणसानं असं उपाशी झोपायचं नसतं, हे मी हजारदा सांगितलेलं. सकाळी उठल्यावर त्यांनी बिस्किट खाल्लं आणि "चला" म्हणाल्या. आई आंघोळ करून तयारच होती. एकमेकींकडं एकदाही न बघता दोघींनी आपापली बॅग उचलली.

इन्सब्रुकची गाडी. हा प्रवास चार-एक तासांचा, आल्प्सच्या कडेनं जाणारा, सगळ्यात देखणा, असं मी दोघींना महिनाभर सांगत होते. व्हिएन्नाच्या फलाटावरच्या पाटीवर दोन गावांची नावं होती. मी इन्सब्रुक वाचलं, डब्याचा नंबर जुळवला, जागा शोधल्या आणि बसलो. दुसरं नाव कुठलं, ते वाचायचीही गरज वाटली नाही. ही चूक तुम्ही करू नका.

दुपार व्हायला आली तेव्हा साल्झबर्ग आलं. आत्यांचा चेहरा मला जरा पांढुरका दिसत होता. जेवणाआधीची गोळी घ्यायची होती आणि बाटलीतलं पाणी संपलेलं. गाडी इथं बराच वेळ थांबते, असं कंडक्टर मघाशी सांगून गेला होता.

"मी पाणी घेऊन येते. जागचं हलू नका," मी म्हटलं.

फलाटावरचं यंत्र माझं नाणं घेईना. मग सरकत्या जिन्यानं खाली दुकानात गेले. दोन बाटल्या घेतल्या, रांगेत उभी राहिले. वर येते तोवर शिट्टी झाली आणि दारांचा टीं-टीं आवाज सुरू झाला. आमचा डबा लांब होता, जिन्यापासून पार मागं. मी समोर दिसलेल्या दारातून आत उडी मारली. आतून चालत जाऊ, असा विचार केला. दार लागलं, गाडी हलली.

मी हातात बाटल्या धरून एकेक डबा मागं जात राहिले. मग एक दार आलं ते उघडेना. पुढं डबाच नव्हता.

शेजारी कुत्र्याला मांडीवर घेऊन एक बाई बसली होती. मी तिला विचारलं, "इन्सब्रुक?" तिनं नकारार्थी मान हलवली आणि वरच्या पडद्याकडं बोट केलं. तिथं लिहिलं होतं: म्यूनिक.

साल्झबर्गला त्या गाडीचे दोन भाग होतात. पुढचा अर्धा जर्मनीत म्यूनिकला जातो, मागचा अर्धा इन्सब्रुकला. दोन्ही भाग बाहेरून अगदी सारखेच. मी पुढच्या भागात होते. आई आणि आत्या मागच्या. तिघींचे पासपोर्ट माझ्या गळ्यातल्या पिशवीत, तिघींची तिकिटं माझ्या फोनमध्ये. त्यांच्या फोनना तिकडचं सिमकार्ड नव्हतं. एक माझ्याकडं आहे तर कशाला उगाच, असं मीच म्हटलं होतं.

मी कंडक्टरला शोधायला धावले. ती उंच, चष्म्याची बाई होती. माझं इंग्रजी एरवी बरं आहे, त्या वेळी वाक्यच पुरं होईना. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "हळू. किती जण? कसे दिसतात?"

"दोन. म्हाताऱ्या. एक अशी साडी नेसलेली, पांढरे बूट. दुसरीला डायबेटिस आहे."

ती दुसऱ्या गाडीच्या कंडक्टरला फोन लावायला लागली. लागेना. तेवढ्यात गाडीनं नदी ओलांडली, लगेच जर्मनीच आलं, गाडी थांबली आणि दोन पोलीस चढले.

पासपोर्ट दाखवा म्हणाले. मी पिशवी उघडली आणि तीन पासपोर्ट बाहेर आले.

त्यातल्या मोठ्या पोलिसानं तिन्ही उघडून बघितले. एकदा माझ्याकडं, एकदा फोटोंकडं. "ही दोन माणसं कुठं आहेत?"

"दुसऱ्या गाडीत."

"त्यांचे पासपोर्ट तुमच्याकडं का?"

याचं खरं उत्तर, त्या हरवतील म्हणून. ते मी म्हणाले आणि माझं मलाच कसंसं झालं. दोन बायका, एकीनं घरदार आणि डझनावारी भाडेकरू सांभाळलेत, दुसरीनं एकटीनं शेती आणि गुरं. आणि मी त्यांना लहान पोरांसारखं बांधून ठेवलं होतं. तो पोलीस काही ओरडला नाही. नुसता उभा राहिला, पासपोर्ट हातात धरून. तोवर कंडक्टरचा फोन लागला. ती जर्मनमध्ये बोलली, ऐकलं, परत बोलली. मी तिच्या चेहऱ्याकडं बघत होते.

"तुमच्या जागा रिकाम्या आहेत," ती म्हणाली. "सामानही नाही. शेजारचा प्रवासी म्हणतो, त्या साल्झबर्गला उतरल्या."

मी तिथंच खाली बसले, दोन डब्यांमधल्या जागेत. इन्सब्रुकला गेल्या असत्या तर निदान एका जागी गेल्या असत्या. आता त्या एका अनोळखी स्टेशनात होत्या, पाण्याविना, गोळीविना, आदल्या रात्रीपासून एकमेकींशी न बोललेल्या. आत्या सकाळपासून एका बिस्किटावर. आणि आईला मराठीखेरीज एक अक्षर येत नाही.

पोलिसानं तिन्ही पासपोर्ट माझ्या हातात परत दिले. "पुढच्या वेळी ज्याचा त्याच्याकडं," एवढंच म्हणाला. कंडक्टरनं साल्झबर्ग स्टेशनला फोन करून कळवलं आणि मला पुढच्या थांब्याला, रोझेनहाइमला उतरवलं. कुठल्या फलाटावरून परतीची गाडी मिळेल तेही कागदावर लिहून दिलं.

ती परतीची गाडी. मी बसले नाही, दारातच उभी राहिले. बाहेर इतके सुंदर डोंगर होते, म्हणे. मला एकही आठवत नाही. मी प्रमोदला फोन लावला, तो मीटिंगमध्ये होता, उचलला नाही, आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं. त्याला काय सांगणार होते? तुझी आई हरवली? डोळ्यांसमोर नको नको ते येत होतं. आत्या घामानं भिजून फलाटावर कोसळल्यात. आई मला शोधत त्या सरकत्या जिन्यावर चढतेय, नऊवारीचा काष्टा पायरीत अडकतोय. मी देवाला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही.

साल्झबर्गला दार उघडलं तशी मी धावले. फलाट तोच होता, बाकडी रिकामी. मी जिन्यापर्यंत गेले, परत आले. एका माणसाला विचारलं, त्यानं खांदे उडवले. मला रडू फुटणार तोच लांबून, फलाटाच्या अगदी टोकाकडून आवाज आला.

"सवे! ए सवे!"

जिथं आमचा डबा उभा होता, नेमक्या त्याच जागी दोघी आपल्या बॅगांवर बसल्या होत्या, खांद्याला खांदा लावून. आत्यांच्या अंगावर आईची शाल. शेजारी रेल्वेचा एक मध्यमवयीन माणूस उभा, आणि त्याच्यापुढं रिकामी चाकाची खुर्ची. त्या खुर्चीवर माझी बॅग ठेवलेली.

"कुटं गेलतीस गं?" आईनं माझा दंड असा धरला की दुसऱ्या दिवशी तिथं निळं पडलं.

आत्यांनी वर बघितलं. "पानी आनलंस का?"

दोन्ही बाटल्या अजून माझ्या हातातच होत्या. मी तिथंच खाली बसून रडले. आत्यांनी बाटली घेतली, पाणी प्यायल्या, आणि मग म्हणाल्या, "रडू नको. लोक बघत्यात."

तो रेल्वेचा माणूस मला बाजूला घेऊन बोलला. संदेश आल्यावर तो यांना शोधायला आला, तेव्हा आत्यांना बराच घाम सुटला होता. त्यानं खुर्ची आणली आणि त्यांना प्रथमोपचाराच्या खोलीत न्यायला निघाला. खुर्ची एकच, म्हणून आईला इथंच थांबायची खूण केली. "त्यांनी या बाईंचा हात सोडला नाही," तो म्हणाला. "मी विचारलं, या कोण तुमच्या, बहीण? तर त्या म्हणाल्या, सेम हाऊस. नॉट अलोन. सेम हाऊस. मला वाटतं, तुम्ही सगळे एकत्र राहता?"

मी मागं वळून बघितलं. आई आत्यांच्या हातात बाटलीचं झाकण देत होती. आईला इंग्रजी कळत नाही. ते शब्द तिला समजले नसणार.

"हो," मी त्या माणसाला म्हटलं.

काउंटरवर सगळं सांगितल्यावर तिथल्या बाईंनी आमची तिकिटं पुढच्या गाडीत चालतील अशी सोय करून दिली. सगळीकडं असं होईलच असं नाही. या वेळी तिघी एकत्र चढलो, मी पाटीवरची दोन्ही नावं मोठ्यांदा वाचली. गाडीत बसल्यावर हळूहळू मला काय घडलं ते कळलं, तेही दोघींच्या तोंडून, एकमेकींची वाक्यं तोडत.

पुढची अर्धी गाडी सुटली तेव्हा खिडकीतून त्यांना ती जाताना दिसली. आई म्हणाली, सवी खाली राह्यली. आत्या म्हणाल्या, ती इन्सब्रुकला येईल, ठरलंय ते ठरलंय, बसून राहा.

"मी म्हन्ले, पोर हितं आन् आपन फुडं जायचं?" आई सांगत होती. "पन ह्या हलनात. हात कापाय लागले ह्यांचे."

"कापत न्हवते."

"कापत व्हते, इनबाई. मी धरले की."

आत्यांनी अंगावरची शाल सावरली. म्हणाल्या, "एवढी मोठी बाई मी, पर पाय उचलेना गं सविता. ह्यांनी तीन बॅगा खाली टाकल्या. मोडक्या हातानं."

"आन् गाडी गेल्यावर मी रडले," आई म्हणाली. "मला वाटलं, आता तू बी न्हाई आन् गाडी बी न्हाई. ह्या म्हन्ल्या, गप बसा. जागा सोडायची न्हाई, ती हितंच येनार. कोन कोन आलं, पोलीस आला, बाई आली. ह्यांनी समद्यांना लावलं वाटंला. आन् मग ह्यांना भोवळ आली."

"मग तू काय केलंस?" मी आईला विचारलं.

आईनं आपल्या पिशवीतून डबा काढला. गुळाचे खडे. "गूळ चारला. दुसरं काय व्हतं?"

गाडीच्या दोन्ही बाजूंना डोंगर उभे राहिले होते, वरच्या टोकांना ऊन आणि खाली सावली. आत्या बघत होत्या. "ते व्हिडिओत दाखवलेलं हेच का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हेच. "मग तिकडं बसा, इनबाई," त्या आईला म्हणाल्या, "हिकडनं ऊन येतंय तोंडावर." आणि खिडकीची जागा तिला दिली. प्रवासात पहिल्यांदा त्या आईशी माझ्याशिवाय गोडीनं बोलल्या असं नाही, साल्झबर्गला बोलल्याच होत्या. पण मी ऐकलं ते पहिल्यांदा.

इन्सब्रुकचे दिवस बरेचसे झोपण्यात गेले. ल्युसर्नला तळ्यावर बोटीत बसलो. तिथं सगळंच महाग, तेव्हा दुकानातून ब्रेड, दही, फळं घ्या आणि काठावर बसून खा, सगळे तेच करतात. मिलानच्या गाडीत एक लांबलचक बोगदा लागला तेव्हा आईनं आत्यांचा हात धरला, बोगदा संपल्यावर सोडला. भांडणंही झाली. मिलानला आईनं हॉटेलच्या बाथरूममध्ये लुगडं धुवून खिडकीत वाळत घातलं, आत्यांना लाज वाटली, त्यावरून तास गेला. मी मध्ये पडले नाही. दोघींचे पासपोर्ट आता त्यांच्याच ब्लाउजात होते, आणि दोघींच्या फोनमध्ये सिम.

घरी येऊन आता दोन महिने झाले. लोक विचारतात, ज्येष्ठांना घेऊन असा प्रवास करावा का? करावा. गाडी कुठं तुटते का ते आधी शोधा, डब्यावरचं गावाचं नाव वाचा, पासपोर्ट ज्याचा त्याच्याकडं द्या, फोन चालू ठेवा, आणि चुकामूक झाली तर कोण कुठं थांबणार हे बसल्या जागी ठरवा. डोंगर, तळी, बर्फ सगळं सुंदर आहे. त्याचे फोटो माझ्याकडं शेकड्यानं आहेत. त्या फलाटाचा मात्र एकही नाही. आणि रात्री कधी झोप उडाली तर मला ती रिकामी बाकडीच दिसतात, हेही लपवत नाही.

'सेम हाऊस' हे दोन शब्द मी आईला कधी सांगितले नाहीत, आत्यांनाही विचारलं नाही. त्या घाबरलेल्या होत्या, ओळखीचे होते ते शब्द वापरले असतील, असं मी स्वतःला बजावत राहिले. परतल्यावर आई माल्याला गेली, आत्या भाडेकरूंवर ओरडायला लागल्या. मी विषय काढला नाही. काढायची हिंमत नव्हती म्हणा.

भाताची कापणी उरकल्यावर मागच्या रविवारी मी माल्याला जायला निघाले, तर आत्या आधीच गाडीत बसलेल्या. माल्याला आईनं चहा केला. आत्यांनी तो संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "खालची कोपऱ्याची खोली मोकळी झालीय. ऊन येतं. चूल मांडायची तर मांडा, गॅस हाय. पेरनी-कापनीला हितं या, कोन अडवनार न्हाई."

आई पदराशी चाळा करत राहिली. "भाडं घेनार का?"

"घेनार."

"मग येते," आई म्हणाली.

ती काल आली. सोबत घरच्या आंबेमोहराचं एक पोतं, दोन पातेली आणि देव. आमच्याकडं प्रत्येक खोलीला दोन किल्ल्या असतात. एक भाडेकरूची, एक आत्यांच्या कमरेच्या जुडग्यात. कुणाचं काय चाललंय ते बघायला त्या केव्हाही दार उघडून आत जातात, त्यावरून पोरं कुरकुरतात. आईच्या खोलीला नवं कुलूप बसवलेलं होतं. आत्यांनी दोन्ही किल्ल्या तिच्या हातावर ठेवल्या आणि जिन्याकडं वळल्या. मी म्हटलं, "आत्या, दुसरी तुमची."

"मला कशाला?" त्या न वळता म्हणाल्या. "मी हाक मारीन."